घास अडतो तेव्हा: अन्ननलिकेच्या आजारांवर दुर्बिणीचे आणि शस्त्रक्रियेचे उपचार, पायरीपायरीने

घास छातीत अडतो, वर पाणी प्यायलं की हळूहळू उतरतो. सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज. माणूस नकळत सावकाश चावून खायला लागतो, चारचौघांत जेवायचं टाळतो आणि घरच्यांना वाटतं, याची भूकच मेली. अशा माणसाला बऱ्याचदा महिनोन्‌महिने आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात. कधीतरी एंडोस्कोपी होते, तीही ‘नॉर्मल’ येते आणि गोष्ट ‘तुमच्या मनाचं आहे’ इथवर पोचते. त्या वळणावर अडकलेल्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या खेपा घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

उपचारांकडे वळण्याआधी एक हिशोब मनात पक्का करा. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या दोन टोकांना दोन झडपा: एक घशाशी, दुसरी जठराच्या तोंडाशी. खालच्या झडपेवर दोन उलट कामं सोपवलेली आहेत. घास आला की सैल पडायचं, आणि एरवी घट्ट मिटून जठरातलं आम्ल खालीच ठेवायचं. पुढे ज्या शस्त्रक्रिया येतील त्यातल्या बऱ्याचशा या झडपेला एका बाजूला झुकवतात. सैल केली की घास उतरतो, पण आंबट घशाशी येऊ शकतं. आवळली की आंबट थांबतं, पण घास रेंगाळू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘ऑपरेशन यशस्वी होईल का’ हा नव्हे. ‘या ऑपरेशनने मला काय मिळेल आणि त्याच्या बदल्यात काय सोसावं लागेल’ हा खरा प्रश्न.

पायरी १: नेमकं कुठे आणि काय अडतं ते लिहून काढा

पहिल्या भेटीला जाण्याआधी आठ-दहा दिवसांची छोटी नोंद ठेवा. काय खाल्लं, काय अडलं, किती वेळ अडलं, कसं सुटलं. चार गोष्टी तिथे हमखास लिहा.

घास घशातच अडखळतो की खाली छातीत? गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल, तर दोष बहुधा तोंड-घशाच्या टप्प्यात असतो. पक्षाघात, पार्किन्सन, मान-घशाला दिलेलं रेडिएशन ही त्याची नेहमीची कारणं. गिळल्यानंतर काही सेकंदांनी छातीच्या हाडामागे अडलं तर बोट अन्ननलिकेकडे जातं. यात एक फसगत आहे: खाली जठराच्या तोंडाशी असलेला अडथळासुद्धा रुग्णाला गळ्याशी जाणवू शकतो. उलट सहसा होत नाही.

फक्त घट्ट पदार्थ अडतात की पाणीही? आधी पाव-मांसासारखं घट्ट, मग मऊ, मग पातळ असा क्रम असेल तर नळी अरुंद होत चालली आहे. पहिल्यापासून घट्ट आणि पातळ दोन्ही अडत असेल तर नळी रुंद असूनही तिची हालचाल बिघडलेली असण्याची शक्यता जास्त.

त्रास वाढतोय की येतो-जातो? आठवड्यागणिक वाढणारा त्रास आणि वजनात घट ही जोडी दिसली की वाट पाहू नये. तसंच रक्ताची उलटी, काळी शौच, रक्तक्षय, किंवा पन्नाशी ओलांडल्यावर नव्याने सुरू झालेलं अडणं. यात एंडोस्कोपी लवकरात लवकर व्हायला हवी, गोळ्यांचा कोर्स संपण्याची वाट न बघता.

चौथी गोष्ट म्हणजे औषधांची यादी. अफूवर्गातली वेदनाशामकं दीर्घकाळ घेतली तर अन्ननलिकेची चाल बिघडते आणि अहवालात हुबेहूब अकालेशियासारखं (खालची झडप सैलच न पडण्याच्या आजारासारखं) चित्र दिसू शकतं. ते कुणी विचारलंच नाही, तर चुकीच्या कारणासाठी झडप कापली जाण्याचा धोका असतो.

एक प्रसंग तातडीचा. घास अडकून बसला आणि स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर थेट इमर्जन्सी गाठा. वरून आणखी घास ढकलून पाहू नका. पूर्ण अडथळा असेल तर काही तासांतच आणि तो अर्धवट असला तरी २४ तासांच्या आत दुर्बिणीने काढावा लागतो. लहान मुलाने बटणासारखी बॅटरी गिळली असेल तर तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशोब करा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत अस्तर खोलवर जाळू शकते.

पायरी २: तपासण्यांचा क्रम चुकवू नका

सुरुवात बहुतेकदा एंडोस्कोपीने होते आणि ते योग्यच आहे. गाठ, अल्सर, आकुंचन, दाह हे डोळ्यांनी दिसतं. पण दुर्बीण नळीचा आकार पाहते, तिची चाल नाही. म्हणून अडण्याचा त्रास असताना ‘नॉर्मल’ एंडोस्कोपी म्हणजे तपास संपला असं नाही, अर्धा झाला असं समजा. शिवाय अस्तर साधं दिसलं तरी वर-खाली मिळून किमान सहा तुकडे बायॉप्सीला गेले का, हे विचारा. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस या ॲलर्जीच्या दाहात कधीकधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी सापडल्या की निदानाला आधार मिळतो. तरुण माणूस, दमा किंवा ॲलर्जीची पार्श्वभूमी, आणि घास अडकून आधी एकदा इमर्जन्सीत जाऊन आलेला: असं चित्र असेल तर हा आजार मनात धरायलाच हवा.

दुसरी तपासणी बेरियमची. पांढरं द्रावण पिऊन एक्स-रे काढतात. ‘टाइम्ड’ प्रकारात ठराविक प्रमाणात द्रावण पाजून १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो घेतात. पाचव्या मिनिटालाही स्तंभ उभाच असेल, तर नळी रिकामी होत नाही हे आकड्यात कळतं. उपचारानंतर तुलना करायला हाच फोटो कामी येतो, म्हणून जुन्या फिल्म फेकू नका.

तिसरी, हाय रिझोल्यूशन मॅनोमेट्री. नाकातून पातळ नळी घालून, घोट घोट पाणी गिळायला लावून आतला दाब मोजतात. तपासणी सुखाची नाही, पण अर्ध्या तासाचा प्रश्न असतो. अकालेशिया आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे तिच्याशिवाय नीट कळत नाही. झडपेवरची कोणतीही शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि त्याआधी मॅनोमेट्री झालेली नसेल, तर दुसरं मत घ्या. माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगाचा सल्ला हाच.

जळजळ आणि आंबट वर येणं ही मुख्य तक्रार असेल तर आम्ल मोजणारी तपासणी येते: नाकातल्या नळीने २४ तास, किंवा अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवलेल्या बिनतारी कॅप्सूलने दोन ते चार दिवस. एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त काळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर येण्याचा आजार, पक्का. ४ टक्क्यांच्या खाली नॉर्मल. निदानासाठी ही तपासणी करताना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद ठेवाव्या लागतात.

घशाच्या टप्प्यातल्या दोषासाठी वेगळ्या तपासण्या आहेत: गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं प्रत्यक्ष पाहणं. तिथे गिळण्याचे व्यायाम शिकवणारा स्वॉलो थेरपिस्ट सर्जनच्या आधी भेटलेला बरा.

पायरी ३: नळी अरुंद असेल तर

बराच काळ आम्लाने भाजलेली अन्ननलिका, पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा जोड, रेडिएशन, चुकून प्यायलेलं ॲसिड किंवा अल्कली, तसंच खालच्या टोकाचं पातळ वलय, यांमुळे नळी आकुंचते. उपचार म्हणजे डायलेटेशन, नळी आतून ताणून रुंद करणं. दुर्बिणीतून फुगा नेऊन फुगवतात, किंवा तारेवरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या लवचीक कांड्या सरकवतात.

बहुतेकांना एका बैठकीत सुटका हवी असते. घाई इथेच नडते. जुना नियम असा, की अडथळा जाणवू लागल्यावर एका बैठकीत त्यापुढे तीन मापांहून जास्त चढायचं नाही. एक माप म्हणजे एक मिलिमीटर. हा नियम सर्वत्र तंतोतंत पाळला जात नाही, पण त्यामागचं तत्त्व बरोबर आहे: नळी फाटण्यापेक्षा चार खेपा परवडल्या. नेहमीचं जेवण सुखाने जायला साधारण १५ ते १८ मिलिमीटर व्यास लागतो. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पाच बैठका करूनही १४ मिलिमीटर गाठता आले नाहीत, तर आकुंचन हट्टी समजतात. मग व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुर्बिणीतून सुरीने छेद, काही आठवड्यांसाठी पूर्ण आच्छादित स्टेंट (वाट उघडी धरणारी जाळीदार नळी), असे पर्याय येतात. स्टेंट सरकतो, हा त्याचा नेहमीचा दोष. बसवल्यानंतर घास अचानक पुन्हा अडू लागला किंवा पोटात नव्याने दुखू लागलं तर एक्स-रे काढून तो जागेवर आहे का पाहावं लागतं.

ॲसिडने भाजलेल्या नळीला धीर लागतो. महिने, कधी वर्षं जातात. खालचं पातळ वलय मात्र एका मोठ्या फुग्यात मोडतं आणि माणूस त्या दिवसापासून नीट जेवतो. आणि इओसिनोफिलिक दाहात नुसतं ताणून भागत नाही, कारण ताणल्याने दाह जात नाही. गिळायचं स्टेरॉइड, आम्ल कमी करणारी गोळी किंवा ठराविक पदार्थ वगळणं यातलं काहीतरी सोबत चालूच राहायला हवं. या रुग्णांचं अस्तर नाजूक असतं, डायलेटेशननंतर एक-दोन दिवस छातीत दुखणं अपेक्षित असतं आणि ते आधी सांगितलेलं बरं.

पायरी ४: अकालेशिया, जिथे निवड खरोखर तुमची असते

अकालेशियात खालच्या झडपेला सैल पडण्याचा निरोप देणाऱ्या चेतापेशी नाहीशा होतात. झडप उघडत नाही, वरच्या नळीची लाट थांबते आणि अन्न साठत जातं. रात्री उशीवर न पचलेलं अन्न सापडणं, आडवं झाल्यावर खोकला येणं ही त्याची ओळखीची खूण. १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून दिला होता. तो गडी जेवला की त्या काठीने अन्न खाली लोटायचा आणि त्यावर कित्येक वर्षं जगला! आजचे उपचारही तत्त्वाने तेच करतात. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, दार तेवढं उघडून मिळतं. म्हणून ‘पूर्ण बरं होणं’ हा शब्द इथे वापरू नये. जेवण गुरुत्वाकर्षणाने उतरू लागतं, एवढं मागावं.

मॅनोमेट्रीवर याचे तीन प्रकार पडतात. दुसऱ्या प्रकारात सगळेच उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. तिसऱ्यात नळीला जोरदार पेटके येतात, छातीत दुखतं, आणि तिथे लांबवर स्नायू कापावा लागतो.

उपचारापूर्वीची आणि नंतरची स्थिती मोजायला एक्कार्ट गुणांक वापरतात, आणि तो घरी स्वतः काढता येतो. गिळताना अडणं, अन्न वर येणं, छातीत दुखणं या तिन्हींना प्रत्येकी: नाही ०, कधीमधी १, रोज २, प्रत्येक जेवणाला ३. वजन घटलं नसेल तर ०, पाच किलोच्या आत १, पाच ते दहा किलो २, दहाच्या वर ३. बेरीज १२ पैकी. उपचारानंतर ती ३ किंवा कमी असेल तर उपचार लागू पडला म्हणतात. कागदावर तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाला आठवणीपेक्षा तो कागद खरं उत्तर देतो.

आता पर्याय.

फुग्याचं डायलेटेशन: ३० मिलिमीटरचा मोठा हवेचा फुगा झडपेत फुगवून स्नायूचे तंतू तोडतात. गरज पडली तर नंतरच्या बैठकांत ३५ आणि ४०. शरीरावर काप नाही, मुक्काम थोडा. पण शंभरातल्या एक-दोन, क्वचित तीन-चार जणांची नळी फाटू शकते, म्हणून जिथे गरज पडलीच तर सर्जन लगेच हजर होऊ शकतो अशाच ठिकाणी हे करावं. काही वर्षांनी फुगा पुन्हा लागू शकतो, हे गृहीत धरा.

हेलर मायोटॉमी: जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया. आज ती पोटावरच्या चार-पाच छोट्या छिद्रांतून होते. अन्ननलिकेवर सुमारे सहा आणि जठरावर दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा स्नायू कापतात, आतलं अस्तर शाबूत ठेवतात. आणि झडप सैल झाली म्हणून आम्ल वर येऊ नये यासाठी जठराचा वरचा भाग अर्धवट गुंडाळतात. पुढून गुंडाळला तर डोर, मागून तर टुपे. सुरुवातीचा हिशोब आठवा: सर्जन एका हाताने सैल करतो आणि दुसऱ्या हाताने जराशी आवळतो.

पोएम: जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर केलेली पद्धत. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराला छोटा छेद देतात, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून जठरापर्यंत बोगदा खणतात, आतून स्नायू कापतात आणि परत येताना छेद क्लिपांनी बंद करतात. बाहेर एकही टाका नाही. हवा तेवढा लांब स्नायू कापता येतो, म्हणून तिसऱ्या प्रकारात पोएमला झुकतं माप मिळतं. पण इथे जठर गुंडाळलं जात नाही. २०१९ च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दोन वर्षांनंतर पोएम आणि हेलर दोन्हींचं यश ८० टक्क्यांच्या जरा वर, जवळजवळ सारखंच होतं. पण अन्ननलिकेचा आम्लदाह पोएमनंतर ४४ टक्के आणि हेलरनंतर २९ टक्के लोकांत दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत फुग्याच्या उपचारापेक्षा पोएम बराच पुढे होता: ९२ विरुद्ध ५४ टक्के. त्या आधी, २०११ मध्ये, फुगा आणि हेलर यांच्यात दोन वर्षांनी फारसा फरक आढळला नव्हता. मात्र तिथे गरज पडेल तसा फुगा पुन्हा करण्याची मुभा जास्त होती, हे ध्यानात ठेवून आकडे वाचा.

मग निवडायचं कसं? तिसरा प्रकार असेल तर पोएम. पहिला किंवा दुसरा असेल तर तुमच्या आवाक्यातल्या केंद्रात काय सराईतपणे होतं, ते. मोठा हायटस हर्नियाही असेल, म्हणजे जठराचा भाग श्वासपटलातल्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातल्या) छिद्रातून छातीत सरकला असेल, तर हेलर, कारण तो त्याच वेळी दुरुस्त होतो. आयुष्यभर आम्लाची गोळी घ्यायची तयारी नसेल तरीही हेलरकडे झुका.

बोटॉक्स हा चौथा पर्याय. झडपेत चार बाजूंनी मिळून १०० युनिट टोचतात, परिणाम सहा महिने ते वर्षभर टिकतो. ज्यांना भूल झेपणार नाही अशांसाठी तो ठीक. धडधाकट तरुणाला वारंवार बोटॉक्स देत राहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पुढे शस्त्रक्रिया करताना थर चिकटलेले मिळतात अशी सर्जनांची तक्रार असते.

एक ताकीद. वय जास्त, त्रास काही महिन्यांचाच आणि वजन भराभर उतरलेलं, अशा वेळी जठराच्या तोंडाशी लपलेली कर्करोगाची गाठ अकालेशियाचं सोंग घेऊ शकते. तिथे सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड केल्याशिवाय झडप कापू देऊ नये.

मानेतली पिशवी

साठीनंतरच्या माणसाला खाल्लेलं तासाभराने तसंच्या तसं तोंडात येतं, मानेत गुडगुड वाजतं, तोंडाला वास येतो, गोळ्या अडकतात. हे झेंकर डायव्हर्टिक्युलमचं वर्णन. घशाच्या मागच्या भिंतीतल्या नाजूक जागेतून अस्तराची पिशवी बाहेर येते, कारण तिच्याखालचा क्रिकोफॅरिंजियस स्नायू नीट सैल पडत नाही. म्हणून उपचारात पिशवीपेक्षा तो स्नायू कापणं महत्त्वाचं. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत दुर्बिणीतून कापतात किंवा ताठ नळीतून स्टेपलरने. फार छोट्या पिशवीत स्टेपलर मावत नाही, आणि मान मागे वळत नसेल तर ताठ नळी जात नाही. तेव्हा लवचीक दुर्बीण किंवा मानेवरून उघडी शस्त्रक्रिया. दुर्बिणीच्या पद्धतीत मुक्काम कमी, पण त्रास परत येण्याची शक्यता उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. वयस्कर माणसाला हा सौदा बहुधा परवडतो.

अशी पिशवी असल्याचं माहीत असेल तर कुठेही नाकातून नळी किंवा एंडोस्कोपी करण्याआधी ठळकपणे सांगा. आंधळेपणाने घातलेली नळी पिशवीत शिरून तिला भोक पाडू शकते.

पायरी ५: आंबट वर येणं थांबवण्यासाठी झडप आवळायची असेल तर

आधी गोळ्या नीट घेतल्या का ते पाहा. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. झोपताना किंवा जेवणानंतर घेतलेली गोळी अर्धीमुर्धीच चालते. कितीतरी ‘गोळ्यांना दाद न देणारे’ रुग्ण या एका बदलाने सुधारतात.

तरी भागलं नाही तर शस्त्रक्रिया. गोळ्यांनी जळजळ थांबते पण पातळ अन्न वर येतच राहतं, अशांना तिचा फायदा सर्वांत जास्त. गोळ्यांनी काडीचाही फरक पडत नाही आणि आम्लाची तपासणीही नॉर्मल, अशांना सर्वांत कमी. हे उलटं वाटेल, पण गोळीने ज्याला बरं वाटतं त्याचंच ऑपरेशन चांगलं लागू पडतं.

रुडॉल्फ निसेन यांनी १९५० च्या दशकात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण ३६० अंशांत गुंडाळण्याची पद्धत मांडली. टुपे पद्धतीत मागून २७० अंश. पूर्ण गुंडाळीत ढेकर येत नाही, पोट फुगतं, उलटी करता येत नाही अशा तक्रारी जास्त. अर्धवट गुंडाळीत कमी. अन्ननलिकेची लाट कमजोर असेल तर पूर्ण गुंडाळी टाळतात, आणि म्हणूनच इथेही आधी मॅनोमेट्री. सोबत श्वासपटलातलं रुंदावलेलं छिद्र टाके घालून लहान करतात.

टायटॅनियममध्ये बसवलेल्या चुंबकी मण्यांचं झडपेभोवती घातलेलं कडं हा दुसरा मार्ग. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. घास आला की मणी सरकतात, नाहीतर चिकटलेले राहतात. गंमत अशी की गुंडाळीनंतर आठवडेच्या आठवडे मऊ खायचं असतं, तर कड्यानंतर पहिल्या दिवसांपासूनच थोडंथोडं घट्ट अन्न खात राहायला सांगतात, नाहीतर भोवती व्रण धरून कडं आखडतं. एमआरआय किती ताकदीच्या मशीनमध्ये चालेल, हे ओळखपत्रावर लिहिलेलं असतं. ते पाकिटात ठेवा.

तोंडावाटे दुर्बिणीने झडपेची घडी घालण्याची पद्धतही आहे, पण हर्निया दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर तिचा भरवसा कमी. वजन फार जास्त असेल तर गुंडाळीऐवजी गॅस्ट्रिक बायपास ही वजन उतरवणारी शस्त्रक्रिया विचारात घ्या. तो रिफ्लक्सही उतरवतो. स्लीव्ह ही वजनाची दुसरी शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून ते अरुंद करणं) मात्र नको, त्याने रिफ्लक्स वाढू शकतो.

जठराचा बराचसा भाग छातीत सरकलेला मोठा हर्निया असेल तर एक लक्षण घरातल्या सगळ्यांना माहीत हवं: वरच्या पोटात किंवा छातीत तीव्र दुखणं आणि उमासे येऊनही उलटी न होणं. जठराला पीळ बसला असण्याची ती खूण आहे. रुग्णालय लगेच गाठा.

पायरी ६: बदललेलं अस्तर आणि कर्करोग

वर्षानुवर्षांच्या रिफ्लक्सने अन्ननलिकेचं अस्तर आतड्यासारखं बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. नुसता बॅरेट असेल तर ठरावीक अंतराने तपासणी पुरते. पेशींमध्ये कर्कपूर्व बदल सापडले तर उंचवट्याचा भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि उरलेलं अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. अन्ननलिका जागेवर राहते. अस्तरापुरताच असलेला अगदी सुरुवातीचा कर्करोगही दुर्बिणीने अखंड सोलून काढता येतो. नळीच्या तीन चतुर्थांश घेरापेक्षा जास्त अस्तर निघालं तर नंतर आकुंचन येण्याचा धोका मोठा, त्यासाठी आधीच स्टेरॉइड देतात.

गाठ खोल गेली असेल तर आधी केमोथेरपी, किंवा तिच्यासोबत रेडिएशन, आणि मग अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया. जठराची नळी करून ती वर छातीत किंवा मानेत जोडतात. ही छाती-पोटावरच्या मोठ्यात मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. जिथे अशा शस्त्रक्रिया भरपूर होतात तिथे निकाल चांगले असतात. वर्षाला किती करता, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. त्याचं चांगल्या सर्जनला वाईट वाटत नाही.

शस्त्रक्रिया व्हायची असेल तर मधल्या काळात पोषणासाठी आतड्यात बसवलेली नळी सहसा स्टेंटपेक्षा बरी. आजार शस्त्रक्रियेपलीकडे गेला असेल तेव्हा धातूचा जाळीदार स्टेंट एक-दोन दिवसांत गिळणं सुरू करून देतो. त्यात मोठे तुकडे अडकू शकतात, म्हणून नीट चावणं आणि प्रत्येक घासामागे घोटभर पाणी. स्टेंट जठराच्या तोंडातून जात असेल तर पुन्हा आपला हिशोब: झडप कायमची उघडी राहिली, आता उशाकडून पलंग उंच करून झोपायचं आणि आम्लाची गोळी चालू ठेवायची.

पोटावरून बसवलेल्या पेग नळीबद्दल थोडंच. पोषण होतं, पण लाळ श्वासनलिकेत जाणं ती थांबवत नाही, त्यामुळे न्यूमोनियापासून संरक्षण म्हणून ती बसवू नये. पहिल्या काही आठवड्यांत ती निसटली तर घरी परत घालू नका. जुनी वाट असेल तर काही तासांत बुजते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पायरी ७: आदल्या दिवसापासून घरी परतेपर्यंत

अकालेशियात रात्रभरच्या उपासाने नळी रिकामी होत नाही. एक-दोन दिवस आधीपासून फक्त पातळ पदार्थ घ्यावे लागतात, आणि भूलतज्ज्ञाला ‘माझ्या अन्ननलिकेत अन्न साठतं’ हे वाक्य स्वतः सांगावं. अन्न फुप्फुसात जाणं हा या रुग्णांच्या भुलेतला मोठा धोका आहे. रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाची औषधं आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं, जी जठर सावकाश रिकामं करतात, यांची यादी द्या. हृदयात स्टेंट असेल तर त्याची गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. वजन खूप उतरलं असेल तर ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकलून नळीने पोषण देणं हा वेळेचा अपव्यय नव्हे. पण फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न देणंही धोक्याचं, ते हळूहळू वाढवावं लागतं.

पोएम किंवा हेलरनंतर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पातळ द्रावण पाजून एक्स-रे काढतात आणि गळती नसेल तर पातळ आहार सुरू करतात. मग आठवडा-दोन आठवडे मऊ. निसेन-टुपेनंतर चार ते सहा आठवडे मऊ, वायूयुक्त पेयं बंद, थोडंथोडं आणि वरचेवर. सुरुवातीला घास अडणं सूज असल्यामुळे होतं. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत निवळतं. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर तपासणी हवी. पहिल्या दिवसांत जोराचे उमासे गुंडाळी उसवू शकतात, म्हणून मळमळ वाटताच औषध मागून घ्या.

डायलेटेशन, पोएम, काहीही झालं असो, पुढच्या दोन-तीन दिवसांत ही लक्षणं दिसली तर फोन करून वाट बघत बसू नका: छातीत किंवा पाठीत वाढत जाणारं दुखणं, ताप, धाप, धडधड, किंवा मानेची त्वचा दाबली की करकर वाजणं. नळीला भोक पडल्याची ती चिन्हं असू शकतात. तोंडाने काहीही घेऊ नका, थेट रुग्णालयात जा. काही तासांत सापडलेलं भोक बऱ्याचदा क्लिपने किंवा स्टेंटने सावरतं, दिवसभर उशीर झाला तर छाती उघडायची वेळ येते.

पोएमनंतर काही महिन्यांनी जळजळ नसली तरी एकदा आम्लासाठी तपासणी करून घ्या, कारण या रुग्णांत आतला दाह आणि जाणवणारी जळजळ यांचा मेळ बसत नाही. दहा वर्षांहून जुन्या अकालेशियात अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, तेव्हा अधूनमधून एंडोस्कोपी करायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या भेटीला जाताना सोबत न्यायचं: मॅनोमेट्रीचा जुना अहवाल, बेरियमच्या फिल्म, ऑपरेशनची नोंद ज्यात स्नायू किती लांब कापला आणि गुंडाळी कोणती ते लिहिलेलं असेल, आणि एक्कार्टच्या बेरजांचा तो कागद.